कावड आणि खांदा

"यंत्राला माया नसते," हे वाक्य अलीकडे आपल्या धर्मग्रामांतल्या सभांमधून, वृद्धसेवेवरच्या व्याख्यानांतून आणि जेवणानंतरच्या गप्पांतूनही वारंवार ऐकू येते. जपानमध्ये म्हाताऱ्यांना उचलणारे यंत्रमानव निघाले, अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या आजींशी बोलणारी यंत्रे सरकार वाटते आहे, अशी वार्ता कोणी सांगितली की बैठकीतील एखादे वजनदार गृहस्थ हे वाक्य उच्चारतात, सगळे माना डोलावतात आणि विषय संपतो. आमचा आक्षेप या वाक्याच्या खरेपणाला नाही. यंत्राला माया नसते हे कोणीही कबूल करील. खाटेलाही नसते, काठीलाही नसते, चष्म्यालाही नसते. आमचा आक्षेप आहे तो हे वाक्य उच्चारणारे कोण असतात याला. आमच्या पाहण्यात तरी ते बहुधा असे असतात, की ज्यांनी आयुष्यात कधी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे कपडे बदललेले नाहीत. ज्या बाईने ते काम केले आहे ती मायेवर व्याख्यान देत नाही. तिला विचारा, पाठीला लावायचे मलम कोणते चांगले, ते ती सांगेल.

हा विषय परदेशाचा किंवा फार तर मुंबई-पुण्याच्या सदनिकांचा, असा समज असतो. म्हणून आम्ही मुद्दाम एका गावाच्या वेशीवर उभे राहून बोलणार आहोत. पुणे-सातारा महामार्गावर भोर तालुक्यातील कापूरहोळ हे ते गाव. पाचगणीच्या शाळांत मुलांना पोचवायला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तेथे चहा घेतला असेल. पश्चिमेला भोरचा रस्ता फुटतो, पूर्वेला नारायणपूरवरून सासवडचा. प्रवाशाला दिसतात ती हॉटेले आणि वाहनांची रांग. महामार्गापासून आत वळले की भोर आणि वेल्हे या दोन्ही भागांतील वाड्यावस्त्यांचे खरे रूप दिसू लागते. कर्ता पुरुष पुण्याच्या कारखान्यात किंवा मुंबईच्या बाजारात, नातवंडे शिक्षणाला शहरात, आणि घरी सत्तरी ओलांडलेली दोन माणसे. किंवा दोनांपैकी उरलेले एक.

कापूरहोळ निवडण्यास आणखी एक कारण आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हा सईबाईंची प्रकृती नाजूक होती. बाळाला अंगावरचे दूध पुरेना. त्या वेळी कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ दूधआई म्हणून गडावर आणली गेली. पुढे ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई राजगडावर निवर्तल्या, आणि धाराऊचे मातृत्व आणखी वाढले. तिचे पुत्र राजांचे दूधभाऊ म्हणवले गेले. गरज पडली म्हणून बाहेरून आणलेली बाई, दुसऱ्याच्या मुलाची जोपासना करण्यासाठी नेमलेली बाई. पण तिच्या दुधात माया नव्हती, कारण ती नेमलेली होती, असे साडेतीनशे वर्षांत कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जिला नेमले जाते तिची सेवा खोटी आणि जी फुकट राबते तिचीच खरी, ही समजूत धाराऊच्या गावात तरी टिकणारी नव्हे. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

आता त्याच परिसरातील एका घरात आम्ही जे पाहिले ते सांगतो. घर रस्त्यापासून बरेच आत. अंगण सारवलेले, उंबरा गुडघ्याला लागेल इतका उंच, आणि संडास परसात वीस-पंचवीस पावलांवर. घरातील आजींचे वय ऐंशीच्या घरात, दोन्ही गुडघे गेलेले. सून दिवसभर महामार्गावरच्या एका भटारखान्यात भाकऱ्या थापते आणि रात्री नऊला परतते. या आजी दुपारी चारनंतर पाण्याचा घोट घेत नसत. उन्हाळ्यातही नाही. कारण विचारले तर सांगत, तहान लागत नाही. खरे कारण सुनेला ठाऊक होते आणि सून ते बोलत नव्हती. रात्री पाणी झाले की उठावे लागणार, उठायचे तर सुनेला हाक मारावी लागणार, आणि दिवसभर चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईला मध्यरात्री हाक मारण्याचे धैर्य त्या म्हातारीला होत नव्हते. त्यापेक्षा तहान बरी. पाणी कमी पडले की लघवीला जळजळ, मग ताप, मग तापात बरळणे. आणि शेजारीपाजारी म्हणणार, आता वयच झाले.

पुढे त्या घरात एक कमोडची खुर्ची आली. लोखंडी नळ्यांची, मधे भोक असलेली, खाली प्लॅस्टिकचे भांडे; दिसायला अगदी सामान्य. ती खाटेच्या उशाशी ठेवली आणि भिंतीला धरायला एक आडवी नळी ठोकली. आजी रात्री एकट्या उठू लागल्या, आणि संध्याकाळी पाणी पिऊ लागल्या. सकाळी भांडे रिकामे करण्याचे काम सुनेच्याच वाट्याला राहिले, हे खरे. खुर्चीने ते केले नाही. पण झोप मोडण्याचे आणि झोप मोडल्याच्या अपराधी भावनेचे ओझे तिने उचलले. त्या लोखंडी वस्तूला माया नव्हती हे आम्ही मान्य करतो. मायेने जे वर्षभर साधले नव्हते ते तिच्यामुळे साधले, हेही मान्य करावे लागेल.

शिवाय एक गोष्ट अशी, की तिच्याविषयी आपल्या सुसंस्कृत घरांत कोणी बोलतच नाही. ती म्हणजे लाज. जन्मभर डोईवरचा पदर ढळू न दिलेल्या बाईला मुलाच्या हातून अंग पुसून घ्यावे लागते, किंवा ज्याच्यासमोर सून कधी मोठ्याने बोलली नाही त्या सासऱ्याचे सोवळेपण त्याच सुनेला धुवावे लागते, तेव्हा त्या दोघांच्या मनात काय होत असेल? आपण त्याला सेवा म्हणतो आणि गहिवरतो. अंथरुणावरच्या माणसाला विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. धुण्याची सोय असलेले शौचपात्र किंवा उचलून न्हाणीत नेणारा पाळणा मिळाला, तर अनेक म्हातारी माणसे तो सुनेच्या हातांपेक्षा आधी पत्करतील, अशी आमची खात्री आहे. यंत्राला माया नाही, तसे त्याला डोळेही नाहीत. ते बघत नाही. कित्येक वेळा माणसाला हेच हवे असते.

आपल्या पुराणकथांतही याला आधार आहे. मातृपितृसेवेचा आदर्श म्हणून मराठी मुलखात श्रावणबाळाचे नाव घेतले जाते. राज्य शासनानेही वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेला त्याचेच नाव दिले आहे, आणि २०२३ साली त्या योजनेतील रक्कम दरमहा १५०० रुपये झाली. पण श्रावणाने केले काय, याकडे आपण नीट पाहिलेले नाही. त्याने अंध आईवडिलांना हातांवर उचलून नेले नाही. तसे केले असते तर पहिल्याच कोसात तिघेही खाली बसले असते. त्याने कावड केली. एक बांबू, दोन टोपल्या, आणि भार दोन्ही बाजूंना सारखा. कावड हे साधन आहे, युक्ती आहे, म्हणजे त्या काळचे यंत्रच आहे. तिच्यामुळे श्रावणाची माया कमी झाली असे कीर्तनकारही म्हणत नाहीत. मात्र कावडीला खांदा लागतो. नुसती कावड अंगणात ठेवून मुलगा परगावी गेला असता, तर ती गोष्ट सांगण्याजोगी उरली नसती.

आमचे सारे म्हणणे या दोन शब्दांत आहे: कावड आणि खांदा. आपल्यातील भाविक मंडळी म्हणतात कावड नको, खांदा हवा. आणि तो खांदा सुनेचा, मुलीचा किंवा सिस्टरांचा असावा असे गृहीत धरतात. आपल्यातील आधुनिक मंडळी म्हणतात कावड घेऊन दिली, आता खांद्याचे काय काम. या दोन्ही पक्षांशी आमचे भांडण आहे.

पहिल्या पक्षाशी आधी. माणूस उचलणे हे काम आहे, ओझ्याचे काम आहे. पन्नास-पंचावन्न किलो वजनाचा, अर्धांग झालेला माणूस खाटेवरून खुर्चीत घ्यायचा तर त्याचे सगळे वजन उचलणारीच्या कंबरेवर येते. पोत्याला निदान कान असतात, माणसाला धरायला जागाही नसते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी असे परिचर्येचे शास्त्र सांगते. दिवसरात्रीचे हिशेब केले तर बारा वेळा झाले. याच भोर-वेल्ह्यातील, सातारा-पाटणकडील पुरुष मुंबईच्या बाजारांत डोक्यावर ओझी वाहत होते. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. मिरचीचे पोते वाहणाऱ्याला हजेरी मिळाली, मजुरीचा दर मिळाला, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. ते योग्यच झाले. पण त्या माथाड्याच्या गावाकडच्या घरी त्याची बायको त्याच्या बापाला दिवसातून बारा वेळा उचलत होती, तिच्या ओझ्याला आजतागायत नावदेखील मिळालेले नाही. पुरुषाने पोते उचलले की श्रम, बाईने माणूस उचलला की माया!

गटार साफ करण्यासाठी माणूस उतरवण्याची अमानुष प्रथा आहे. तिला पर्याय म्हणून केरळातील काही तरुण अभियंत्यांनी केलेले बँडिकूट नावाचे यंत्र २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागले. त्या वेळी यंत्राला माया नसते असे कोणी म्हटले नाही. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि वाजवायलाच हव्या होत्या. मग घरातील खाटेपाशीच आपल्याला मायेची आठवण का होते?

आपल्या आश्रमांकडे पाहा. पूर्वी धर्मभगिनींच्या वृद्धाश्रमांत विशीतल्या, पंचविशीतल्या सिस्टर असत. आज अनेक ठिकाणी सेवा करणाऱ्या सिस्टर स्वतःच साठीकडे झुकलेल्या आहेत, आणि नवी पाखरे फारशी येत नाहीत. त्यांच्या झग्याखाली कंबरेचा पट्टा असतो. आपण नाताळात तांदळाचे पोते आणि केक घेऊन जातो, तो पट्टा पाहतो आणि घरी येऊन मुलांना त्यागाची कथा सांगतो. छताला किंवा चाकांच्या चौकटीला टांगलेला, झोळीत माणूस अलगद उचलणारा लिफ्ट युरोपातील इस्पितळांत आणि शुश्रूषागृहांत रोजच्या वापरात आहे. त्याची किंमत आपण कधी विचारली? दुसऱ्याच्या कंबरेवर आपली अध्यात्मसाधना चालते आहे, असे कठोर विधान आम्ही करतो, आणि त्याबद्दल कोणाला राग आला तर येऊ द्यावा.

यंत्र आणि आई यांना समोरासमोर उभे करणाऱ्यांनी गोव्याकडेही पाहावे. फोंडा तालुक्यातील बेतोडा येथील बिपिन कदम हे रोजंदारीवर काम करणारे गृहस्थ. त्यांच्या मुलीचे हात चालत नाहीत. ती स्वतःच्या हाताने जेवू शकत नाही. तिला तिची आई भरवीत असे. पुढे आईच अंथरुणाला खिळली, आणि मुलीला भरवता येत नाही या दुःखाने ती कासावीस होऊ लागली. कदम बारा-बारा तास काम करीत, आणि मुलीच्या जेवणाच्या वेळी घर गाठण्याची त्यांची धडपड चाले. मुलीला कोणावर अवलंबून न राहता जेवता यावे असे काहीतरी करा, असा आग्रह त्या आईनेच धरला. तंत्रविद्येचे शिक्षण नसलेल्या या माणसाने कामावरून आल्यावर माहितीजालावरून शिकत, चार महिन्यांत एक यंत्र उभे केले. मुलगी बोलून सांगते, वरण की भाजी, आणि यंत्र घास तिच्या तोंडाशी नेते. ही वार्ता २०२२ साली देशभर छापून आली. गोवा राज्याच्या नवोन्मेष परिषदेने त्यांना पुढील कामासाठी पाठबळ दिले. त्या यंत्राचे नाव त्यांनी 'माँ' ठेवले.

आमच्या भाविक मित्रांनी या नावावर विचार करावा. त्या घरात माया कमी होती म्हणून यंत्र आले नाही. माया होती, पण हात थकले होते. आणि ते यंत्र ज्याने केले त्याने त्या मुलीला स्वतः भरवले होते. घास केवढा, तोंड किती उघडते, मधे पाणी केव्हा लागते, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. आपल्याकडची चांगली साधने नेहमी अशीच झाली आहेत. १९६८ च्या सुमारास जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी जो पाय केला तो मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसासाठी केला, म्हणून तो चालला.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. कारण पहिल्याला झोडपताना दुसरा आमच्या मागे उभा राहून टाळ्या वाजवतो आहे, असे आम्हांस दिसते.

या मंडळींचा भरवसा वस्तूवर असतो. मुलगा आखातात, मुलगी कॅनडात, आणि वसईच्या किंवा पुण्याच्या घरात आईच्या खोलीत कॅमेरा. मुलगा तिकडे जेवणाच्या सुटीत मोबाइलवर आई खाटेवर आहे की नाही हे पाहून घेतो आणि निर्धास्त होतो. आईला विचारले होते का? ती साडी कोठे बदलते? ती पडली हे दिसले, तर दीड हजार मैलांवरून तिला उठवणार कोण? कॅमेऱ्याने मुलाची चिंता उतरते, हे आम्ही नाकारत नाही. आईचे काय उतरते ते शोधावे लागेल. वर ज्या यंत्राच्या डोळे नसण्याचे आम्ही कौतुक केले त्याच्या अगदी उलट हे साधन आहे: याला नुसते डोळेच आहेत, हात नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण खात्याने २०२२ साली एलीक्यू नावाची टेबलावर ठेवायची बोलकी यंत्रे आठशेहून अधिक एकाकी वृद्धांना देण्याचे जाहीर केले. औषधाची आठवण करणे, दोन शब्द बोलणे, हे ते यंत्र करते. एकाकीपणाने पिचलेल्या माणसाला तेही बरे वाटत असेल. त्याची टवाळी करण्याचा आमचा अधिकार नाही, विशेषतः आम्ही त्याला भेटायला जात नसू तर.

यंत्रांचा देश म्हणून जपानचा दाखला दिला जातो. तो पुरा द्यावा. तेथे २०१५ साली रिकेन या संशोधनसंस्थेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अस्वलाच्या तोंडवळ्याचा रोबेअर नावाचा यंत्रमानव दाखवला. तो रुग्णाला दोन्ही हातांवर उचलत असे. जगभरच्या वृत्तपत्रांत त्याचे छायाचित्र झळकले, आणि तो प्रयोगशाळेतून बाजारात मात्र कधी आला नाही. जेम्स राइट या संशोधकाने जपानी शुश्रूषागृहात राहून जे पाहिले ते २०२३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. उचलण्याचे यंत्र खोल्याखोल्यांतून ढकलत नेण्यात वेळ मोडे, म्हणून लवकरच मोजक्याच सेविका ते वापरू लागल्या. पारो नावाचे सीलच्या पिल्लासारखे मऊ यंत्र म्हाताऱ्यांना आवडे, पण त्याच्यावर आणि त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागे. पेप्पर नावाचा यंत्रमानव व्यायाम करून दाखवी, तेव्हा शेजारी एका सेविकेला उभे राहून त्याच हालचाली पुन्हा करून दाखवाव्या लागत. थोडक्यात, यंत्रांनाच सांभाळायला माणसे लागू लागली. आणि हे सगळे कोणत्या देशात? ज्याने २००० सालीच दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वत्रिक विमा सुरू केला, ज्यात चाळिशी गाठलेला प्रत्येक नागरिक वर्गणी भरतो आणि सेविकेचा पगार त्यातून निघतो, त्या देशात. जपानने खांद्याची सोय आधी केली, आणि मग कावडींचे प्रयोग आरंभिले. आपण तेथून कावडीचे छायाचित्र तेवढे आणले.

आपल्याकडे सोय झाली नाही असे मात्र नाही. केंद्र शासनाने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना काढली. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठ्या, कुबड्या, श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या फुकट देण्याची ती योजना. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना मंजूर केली: वय ६५ पूर्ण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि साधने विकत घेण्यासाठी ३००० रुपये एकदाच थेट बँकखात्यात. चष्मा, श्रवणयंत्र, तीन पायांची काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, कंबरेचा पट्टा, मानेचा पट्टा अशी यादी आहे. यादी करणाऱ्याला म्हातारपण ठाऊक होते, हे उघड आहे. तीन हजारांत कमोडची खुर्ची येते. वर सांगितलेल्या आजींसारखी कितीतरी माणसे त्यामुळे पाणी पिऊ लागतील. म्हणून या योजनेला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही.

पण खाते उघडून पैसे टाकले की शासनाचे काम संपले, तेथून पुढे आमचा प्रश्न सुरू होतो. वॉकर घरी आला. त्याची उंची कोणी लावून दिली? उंची चुकली की म्हातारा पुढे झुकून चालतो आणि पडतो, मग वॉकर खुंटीवर जातो आणि त्यावर टॉवेल वाळतात. वस्त्यांवरच्या घरांतून असे टॉवेल वाळवणारे वॉकर आम्ही पाहिले आहेत. चाकाची खुर्ची दगडी पायवाटेवर आणि उंच उंबऱ्यावर काय करणार? कानाचे मशीन पहिल्या दिवशी शिट्टी वाजवते, कारण कानातला भाग नीट बसलेला नसतो. दुसऱ्या दिवशी ते डबीत जाते आणि डबी देवघरात किंवा कपाटात. त्याची बारीक बॅटरी आठ-पंधरा दिवसांत संपते, नवी आणायला पुण्याला जाणार कोण? जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घेतली, तर तिचा पंप विजेवर. वीज गेली की पंप थांबतो, आणि गादी बसली हे रात्री दोन वाजता कोणाच्या ध्यानात येणार? प्रत्येक साधनामागे एक माणूस लागतो, जो येईल, बसवून देईल, पुन्हा येऊन पाहील. त्या माणसासाठी तीन हजारांत जागा नाही, यादीतही नाही.

तो माणूस खरे तर गावातच आहे. ती बाई आहे. या रस्त्यावरच्या गावांतील अनेक स्त्रिया पहाटेची एस. टी. धरून पुण्याला जातात आणि ब्यूरोमार्फत सदनिकांमधून बारा तासांच्या, कधी चोवीस तासांच्या पाळीवर म्हातारी माणसे सांभाळतात. तिकडे त्यांना 'मावशी' म्हणतात. कूस कशी बदलायची, नळी असलेल्या माणसाला भरवायचे कसे, रुसलेल्या आजोबांना अंघोळीला राजी कसे करायचे, हे सगळे त्यांना येते. आणि त्याच वेळी त्यांची स्वतःची सासू गावात दाराशी बसून असते, तहानलेली. धाराऊला निदान स्वतःचे मूल बरोबर ठेवता आले असेल. आजच्या मावशीला तेही शक्य नसते. ब्यूरो आपला हिस्सा कापून घेतो, आजारपणात पगार नाही, आणि तिच्या कौशल्याला प्रमाणपत्र नाही.

शासनाने गावोगावी आशा सेविका नेमल्या. त्यांना कागदोपत्री 'स्वयंसेविका' म्हणतात, म्हणजे वेतनाचा प्रश्नच नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. लेकुरवाळ्यांची, लसीकरणाची, क्षयरोग्यांची कामे पाहणाऱ्या या बाईवर वृद्धांच्या साधनांची आणखी एक वही लादावी, असे आम्ही सुचवणार नाही. स्वतंत्र बाई हवी, आणि तिला मानधन नको, पगार हवा. 'मानधन' या शब्दात मान किती आणि धन किती, हे ज्याला मिळते त्याला ठाऊक असते.

येथे आपल्यातील कोणी म्हणेल, पैसे घेऊन केलेली सेवा ती सेवा कसली? या आक्षेपाला ख्रिस्ती माणसाने तरी मौन पाळावे. दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो, आणि तेल-द्राक्षारसापाशीच थांबतो. पुढचे नीट वाचत नाही. त्याने जखमी माणसाला पाठीवर घेतले नाही. स्वतःच्या जनावरावर बसवले. रात्रभर शुश्रूषा केली, पण तेथेच मुक्काम ठोकला नाही. त्याला प्रवास होता, धंदा होता. त्याने उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर दोन नाणी ठेवली, सांभाळ म्हणाला, आणि जास्त खर्च झाला तर परतताना भरून देईन असा शब्द दिला. वाहन आहे, मजुरी आहे, परत येण्याचे वचन आहे. उतारशाळेच्या रक्षकाने पैसे घेतले म्हणून प्रभूने त्याला दोष दिलेला नाही.

तेव्हा आपल्या धर्मग्रामांपुरते बोलू. शासनाने काय करावे याच्या मागण्या आपण पुष्कळ करतो. स्वतः करण्याजोगे हाताशी आहे. प्रत्येक घराने खाट, लिफ्ट, हवेची गादी विकत घ्यावी आणि माणूस गेल्यावर ती माळ्यावर टाकावी, यात शहाणपण नाही. धर्मग्रामाच्या आवारात एक खोली अशी असावी की जेथून ही साधने मागेल त्या घराला, मग ते घर चर्चला येणारे असो वा नसो, महिन्यापुरती मिळतील आणि धुऊन-पुसून परत येतील. व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे बंधू घरोघरी जातातच. कोणाच्या घरी काय अडून आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. त्या खोलीची जबाबदारी मात्र फावल्या वेळेच्या उत्साहावर सोडू नये. एक मावशी, या कामात मुरलेली, पुण्याच्या पाळीवरून थकून आलेली, तिला तेथे पूर्ण पगारावर नेमावे. ती साधन घेऊन घरी जाईल, म्हाताऱ्या माणसाला आधी विचारील, उंची लावील, उंबऱ्याला फळी टाकायला सांगेल, आणि आठ दिवसांनी पुन्हा जाईल. जाता जाता, आपल्या चर्चच्या पायऱ्याही तिने मोजाव्यात. चाकाच्या खुर्च्या दान करणाऱ्या कितीतरी धर्मग्रामांत खुर्ची आत नेण्याला उतार नाही.

तिच्या पगाराचा पैसा आणायचा कोठून, असे विचारले जाईलच. फेस्ताची रोषणाई, बँड, फटाके आणि जेवणावळ यांचा खर्च आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या वहीत लिहिलेला आहे. पुढच्या फेस्ताची बैठक बसेल तेव्हा ती वही उघडून आकडा मोठ्याने वाचावा, त्याला बाराने भागावे, आणि एका मावशीचा महिन्याचा पगार त्याच्या शेजारी लिहावा.